दहावीनंतर मुलाला कामाला लावू का?

वाचकाचं पत्र:

‘मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमचे मालक गवंडीकाम करायचे, दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. मी रोजानं शेतात जाते, रात्री ब्लाउज शिवते. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. मुलाला दहावीला ७८ टक्के पडले. मुलगी यंदा आठवीला, गावच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. मुलाला लातूरला राहून सायन्स करायचं होतं. दीर म्हणतात, तालुक्याच्या कॉलेजात नाव घालून ठेव आणि त्याला गॅरेजवर लाव, महिन्याला आठ हजार आणील, परीक्षेला तेवढा बसेल. आता मुलगाही म्हणायला लागलाय, “आई, मी कमावतो, तू हिला शिकव.” आम्ही मातंग समाजाचे. शिष्यवृत्ती असते असं ऐकते, पण विचारायचं कुणाला? आणि सरकारच्या पैशावर पोरं शिकवली असं चार लोकांत ऐकून घ्यायचंही जिवावर येतं. काय करू?’

उत्तर:

ताई, मुलाला कामाला लावू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं या निर्णयाच्या मागून यायचं आहे. मदत आहे, पण ती एका ठिकाणी नाही. चार कार्यालयांतून तुकड्यातुकड्यांनी येते आणि उशिरा येते. पैसे हातात आले की मग शिकवू, असं म्हणत थांबलेल्या घरातलं पोरगं दिवाळीपर्यंत कामाला लागलेलं असतं आणि मार्चमध्ये खात्यावर आलेली शिष्यवृत्ती बघायला ते कॉलेजात उरलेलं नसतं. अकरावी-बारावीचे वर्ग घेताना अशी मुलं मी वर्षानुवर्षं बघितली. म्हणून आधी शिकवायचं ठरवा, मग पैशांची जुळणी करू.

तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठी रक्कम ज्या योजनेतून येऊ शकते तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ज्या मुलांचे आई किंवा वडील वारले आहेत, त्यांना घरी राहून शिकता यावं म्हणून महिला व बालविकास विभाग मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देतो. २०२३ पर्यंत हीच रक्कम १,१०० होती. वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत ती मिळते, म्हणजे मुलाची अकरावी-बारावी जवळजवळ सगळी त्यात बसते आणि मुलीला तर पुढची चार-पाच वर्षं आहेत. दोघांचे मिळून महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार होतात. पती जाऊन दोन वर्षं झाली, म्हणजे एवढे दिवस हा पैसा तुमच्या घरी यायला हवा होता आणि कुणी तुम्हाला सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जा किंवा सरळ लातूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. पतीचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, तुमचं आणि मुलांचं आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दोन्ही मुलांचे शाळा-कॉलेजचे बोनाफाईड आणि पासबुक एवढं सोबत न्या. अर्ज बाल कल्याण समितीपुढे जातो, मंजुरी ती देते. अर्जाला फी नाही. ‘मी करून देतो, इतके द्या’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका, पासबुक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी तर मुळीच देऊ नका.

आता पतीच्या कामाकडे येते. गवंड्यांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. त्यांचं मंडळाचं कार्ड होतं का? घरातल्या ट्रंकेत, डब्यात, त्यांच्या जुन्या पाकिटात नीट शोधा. मुकादमाला आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. पती गेले तेव्हा नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूसाठी वारसाला २ लाख आणि विधवा पत्नीला वर्षाला २४ हजार याप्रमाणे पाच वर्षं अशी तरतूद आहे. दोन वर्षं उलटली म्हणून आपणच हात झटकायचे नाहीत. लातूरच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार द्यायचाच असेल तर त्यांना लेखी देऊ दे.

या निमित्तानं इतर वाचकांनाही सांगते. तुमच्या घरात कुणी बांधकामावर असेल आणि वर्षात ९० दिवस काम भरत असेल, तर नोंदणी करा आणि दर वर्षी नूतनीकरण चुकवू नका. नोंदीत कामगाराच्या दोन मुलांना अकरावी-बारावीसाठी दर वर्षी १० हजार मिळतात आणि दहावीला ५० टक्क्यांच्या वर गुण असतील तर आणखी १० हजार. कार्डाची मुदत संपली की यातलं काहीच हाती येत नाही.

तुम्ही शिष्यवृत्तीबद्दल विचारलं आहे. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. कॉलेजची ठरलेली फी तिच्यातून जाते आणि शिवाय निर्वाह भत्ता मिळतो. भत्त्याकडे फार आशेनं बघू नका. अकरावी-बारावीला घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला वर्षाला २,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० एवढाच तो आहे. आजच्या महागाईत ही रक्कम फार अपुरी आहे आणि ती वाढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण फीचं ओझं उतरतं, हे मोठं काम ती करते. तिच्याबरोबर आणखी एक अर्ज भरा, राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचा. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीला महिन्याला ३०० रुपये, दहा महिने मिळतात. तुमच्या मुलाला ७८ आहेत. हे ३,००० म्हणजे एसटीचा पास आणि वह्या. दोन्ही अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या पोर्टलवर भरायचे असतात. नेटकॅफेत घाईघाईनं भरण्यापेक्षा कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्ती बघणारे लेखनिक कोण ते विचारा आणि त्यांच्यासमोर बसून भरा. अर्ज भरला म्हणजे संपलं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे जावा लागतो. कितीतरी अर्ज तिथेच पडून राहतात. पंधरा दिवसांनी मुलाला परत पाठवा आणि ‘पुढे गेला का’ म्हणून विचारायला सांगा. फीची रक्कम मुलाच्या खात्यावर आली तर ती लगेच कॉलेजात भरा, घरात खर्चली गेली तर बारावीच्या तोंडावर कॉलेज दारात उभं राहतं.

आणि इथेच दिरांचा बेत फसतो. नाव कॉलेजात आणि पोरगा गॅरेजवर, असं करणारे पुष्कळ आहेत, मला माहीत आहे. पण या शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. हजेरी नसेल तर शिष्यवृत्ती जाते, फी अंगावर येते. आणि सायन्सचा मुलगा वर्गात, प्रयोगशाळेत बसला नाही तर बारावीला त्याचे ७८ चे ४८ होतात. मग दिरांनाच ‘बघा, म्हणत होतो ना’ म्हणायला मोकळीक मिळते. अर्ध्या शिक्षणानं ना धड शिक्षण होत, ना धड कामधंदा.

लातूरचं म्हणाल तर माझं मत तुम्हाला जरा कडक वाटेल. लातूरला जायचं की नाही, हे तिथल्या शासकीय वसतिगृहात जागा मिळते का, यावर ठरवा. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात राहणं-जेवण मोफत असतं, जागा गुणांवर मिळते, आणि ७८ टक्क्यांना आशा आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करून अर्ज वेळेत भरा. जागा मिळाली तर मुलाला बेलाशक पाठवा.

जागा मिळाली नाही तर तुम्हाला भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचं नाव कुणीतरी सांगेल. वसतिगृहाला पात्र असून जागा न मिळालेल्या अकरावीपासूनच्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. बाहेर खोली घेऊन राहण्या-जेवण्याचा खर्च ती थेट मुलाच्या खात्यावर देते. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, मधल्या शहरांत ५१ हजार, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. दहावीला ५० टक्के लागतात, ते तुमच्या मुलाला आहेत. योजना चांगली आहे आणि अर्ज अवश्य करा. पण केवळ तिच्या भरवशावर मुलाला जूनमध्ये लातूरला खोली घेऊन देऊ नका. पैसे हप्त्यानं आणि मागाहून येतात, मेसवाला मात्र दर महिन्याच्या एक तारखेला मागतो. मधले सहा-आठ महिने तुम्ही कुठून भरणार? सावकाराकडून किंवा आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्सवाल्यांकडून, हेच उत्तर असेल तर नको. तशा वेळी तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात सायन्सला घाला, घरून एसटीनं जाऊ दे. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, एक तृतीयांशच पैसे पडतात. लातूरच्या क्लासेसच्या पाट्या बघून मुलाचं मन हळहळेल, ते साहजिक आहे. पण पोटभर जेवून, घरी झोपून, नियमित वर्ग करून मिळवलेले गुण हे उधारीच्या खोलीत मिळवलेल्या गुणांपेक्षा कमी नसतात.

कागदांचं सांगते, कारण पैसा बहुतेक वेळा कागदावाचून अडतो.

मुलाच्या स्वतःच्या नावाचा जातीचा दाखला आहे का? वडिलांचा चालणार नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून तो मिळतो आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा किंवा जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी जन्म-मृत्यू नोंद, असं काहीतरी लागतं. यासाठी दिरांना आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना कामाला लावा. हा दाखला हातात आला की अकरावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणीचा प्रस्ताव टाका. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल कुठेही जायचं तर ती वैधता लागते आणि त्या मे-जूनमध्ये समितीच्या दारात रांगा असतात.

मुलाचं आधार बघा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात, तो अपडेट झाला नसेल तर आधी करून घ्या. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. बँकेत जाऊन मुलाच्या खात्याला आधार जोडलाय का, हे विचारा. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यावर येणारे पैसे शेवटी ज्या बँकेला आधार जोडला त्या खात्यावर जातात. कुणीतरी मोबाईलवर उघडून दिलेल्या भलत्याच खात्यात वर्षाची शिष्यवृत्ती जाऊन बसल्याची उदाहरणं दर वर्षी निघतात. उत्पन्नाचा दाखला या वर्षीचा, तहसीलदारांचा घ्या आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका.

मुलीचं वर्ष महत्त्वाचं आहे आणि ते हातचं जाऊ देऊ नका. आठवीतच एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला ती देता येते, सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातीसाठी ५०, आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, दोन्ही नव्वद-नव्वद प्रश्नांचे. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून शाळा उघडल्याबरोबर मुख्याध्यापकांना भेटून ‘माझ्या मुलीला बसवायचंय’ असं सांगून ठेवा. तयारी भाऊच घेऊ शकतो, रोज संध्याकाळी अर्धा तास. एक अट आताच लक्षात ठेवा: अकरावीला ही शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जातीसाठी ५५. शिवाय बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, म्हणजे पुढे तिच्या जाण्यायेण्याचा खर्च तुमच्यावर नाही.

(मराठा-कुणबी समाजातल्या पालकांसाठी: एनएमएमएस उत्तीर्ण होऊनही निवड यादीत न आलेल्या मुलांना सारथी या सरकारी संस्थेकडून नववी ते बारावी वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अकरावी सायन्सच्या मुलांसाठी महाज्योती ही सरकारी संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन शिक्षण टॅबसकट देते. दोन्हींच्या जाहिराती ठरावीक काळच असतात, मुलांना लक्ष ठेवायला सांगा.)

राहिला मधल्या महिन्यांचा प्रश्न. जूनपासून पहिला पैसा येईपर्यंत पुस्तकं, गणवेश, पास आणि परीक्षा फी मिळून पाच-सहा हजारांची सोय लागेल. तुम्ही बचत गटात असाल तर गटातून घ्या, व्याज कमी आणि माणसं ओळखीची. गटात नसाल तर यंदा व्हा. अकरावीची जुनी पुस्तकं तालुक्याच्या कॉलेजात शिक्षकांना विचारलं तर मिळतात. कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली तर सरांना भेटून सांगा की मुलगा शिष्यवृत्तीला पात्र आहे, अर्जाची पावती दाखवते. बहुतेक ठिकाणी ऐकतात. नाही ऐकलं तर समाजकल्याण कार्यालयात लेखी द्या.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. सरकारच्या पैशावर पोरं शिकवली, असं कुणी म्हणालं तर ऐकून मान खाली घालू नका. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातलं पोर शहरात जेवल्याशिवाय शिकू शकत नाही, हे त्यांना कळलं होतं. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आणि तुमच्या मुलासाठी जी शिष्यवृत्ती आहे ती अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून चालत आलेली आहे. अर्ज भरताना तुम्ही कुणापुढे हात पसरत नाही, मुलाच्या हक्काचं आहे ते घेता.

पुढचं मुलाला वाचून दाखवा.

बाळा, ‘मी कमावतो, हिला शिकव’ असं तू म्हणालास, त्यावरूनच तू किती समजूतदार आहेस ते कळलं. पण बहिणीचं शिक्षण तुझ्या शिक्षणाच्या बदल्यात विकत घ्यायचं नाही. वर लिहिलेले अर्ज नीट भरलेस तर तू शिकता शिकता घरात पैसा आणतो आहेस, असंच समज. बालसंगोपनचे पैसे तू शिकावंस म्हणूनच येतात. तुला गॅरेजचं काम खरंच आवडत असेल, इंजिन उघडून बसावंसं वाटत असेल, तर तेही मोकळेपणानं आईला सांग. मग सायन्सचा हट्ट नको. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, तिथून पुढे डिग्रीला दुसऱ्या वर्षात थेट जाता येतं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅरेजवर महिनाभर जायला हरकत नाही, चार पैसे मिळतील, हात वळेल. जूनमध्ये मात्र वर्गात बसायचं.

ताई, दिरांशी भांडू नका. त्यांना हिशेब दाखवा. आठ हजार नवख्या पोराला पहिल्या दिवसापासून कुणी देत नाही, हे त्यांनाही ठाऊक असेल. इकडे दोन मुलांचे साडेचार हजार महिना, फी माफ, वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास शिष्यवृत्त्या, आणि पतीचं कार्ड निघालं तर महिन्याला आणखी दोन हजार. तरीही गॅरेजच्या पगाराएवढं भरणार नाही कदाचित, हे मी लपवत नाही. पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल. दिरांना एकच मागा: पैसे नकोत, दोन-तीन दिवस गाडीवरून तहसील आणि लातूरच्या कार्यालयांत घेऊन चला. पुतण्याच्या दाखल्यावर सही-शिक्का मिळवण्यात एकदा धावपळ केली की माणूस आपोआप त्याच्या शिक्षणाच्या बाजूनं बोलायला लागतो.

सोमवारी आधी तहसीलला जा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, कारण तो प्रत्येक ठिकाणी लागतो. तिथूनच बालविकास कार्यालयात. मंगळवारी बँक आणि आधार केंद्र. जातीच्या दाखल्यासाठी लागणारे जुने कागद शोधायला सासऱ्यांना आजच सांगा. आणि गॅरेजवाल्याला मुलगा येणार नाही म्हणून निरोप धाडा.